वाचून दाखवता येईल असं पुस्तक

साहेब निवृत्तीला आले आणि जाता जाता तिच्या गळ्यात एक परीक्षा बांधून मोकळे झाले.

ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या नेटवर्क विभागात होती. कुठल्या मजल्यावरचा कॉम्प्युटर कोणत्या तारेने कुठे जोडलाय, तळमजल्यावर काढलेला एक्स-रे ऑपरेशनच्या खोलीतल्या पडद्यावर कुठल्या वाटेने पोचतो, ती वाट बंद पडली तर दुसरी कुठली, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. नर्सेस तिला ‘तारवाल्या मॅडम’ म्हणत आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी तिलाच हाक मारत. आता हॉस्पिटलने शहराबाहेरची आणखी काही हॉस्पिटलं आपल्यात सामील करून घेतली होती. त्या सगळ्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडायची होती, आणि त्या कामाची प्रमुख तिनेच व्हावं अशी साहेबांची इच्छा होती. अट एकच. या धंद्यातली सगळ्यात वरची सर्टिफिकेटची परीक्षा पास व्हायची.

“तुम्हाला काम येतं हे मला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “पण वरच्यांना कागद लागतो. तुमची पहिली परीक्षा कधीची?”

“मुलीच्या जन्माआधीची.”

“आणि मुलगी आता?”

“कॉलेजात.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “मग लागा अभ्यासाला.”

अभ्यासाला लागायचं म्हणजे आधी कशावरून करायचा ते ठरवायचं, आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने स्वतःच काढलेले दोन जाडजूड खंड तिने लायब्ररीतून उचलून आणले. एका व्हिडिओ कोर्सचे पहिले काही धडे फुकट बघायला मिळत होते, त्यात पांढऱ्याशुभ्र दातांचा एक गृहस्थ दर दोन वाक्यांनी “किती सोपं आहे, नाही?” असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचा. लायब्ररीतल्या बाईंनी तिच्या हातातले खंड बघून आणखी एक पुस्तक आपणहून पुढे सरकवलं होतं. खरखरीत कागदाचं, जुनं, मुखपृष्ठावर एक साधं चित्रसुद्धा नसलेलं. बाई म्हणाल्या होत्या, “हे फारसं कुणी नेत नाही, पण ज्याने नेलं त्याने कुरकुर करत परत आणलेलं नाही.” तिने ते भिडेखातर घेतलं होतं.

विभागात तिच्या बाजूच्या टेबलावर एक तरुण सहकारी बसायचा. कुठलंही काम सांगितलं की “झालंच!” म्हणायचा, म्हणून सगळे त्याला चटपट म्हणत. त्याने एक दिवस खुर्ची जवळ ओढली.

“मॅडम, एवढी पुस्तकं कशाला? ही फाईल घ्या. फुटलेले प्रश्न आहेत, उत्तरांसकट. पाठ करायचे, खुणा करायच्या, बाहेर यायचं.”

“आणि समजून कधी घ्यायचं?”

“ते काय, नंतर कामावर.”

तिला हसू आलं आणि धस्सही झालं. कामावर म्हणजे कुठे, तर इथेच. टेबलावर पेशंट झोपलेला आणि त्याचा एक्स-रे मधल्या कुठल्यातरी मजल्यावर वाट चुकलेला. “ठेव तुझ्याकडेच,” ती म्हणाली. चटपटला राग आला नाही. त्याला कशाचाच राग यायचा नाही, तेवढा वेळच नसायचा.

घरी जेवणाचं टेबल पुस्तकांनी व्यापलं. नवरा शाळेत खेळाचा शिक्षक होता. त्याने एक खंड एका हातात तोलून बघितला.

“याने दंड चांगले होतील. पण आपण जेवायचं कुठे?”

“मांडीवर घेऊन.”

“मला चालेल. तुझा अभ्यास होतोय ना?”

होत नव्हता, हीच तर गोम होती. ती पान वाचायची, रेघा मारायची, पान उलटायची, आणि उलटल्या पानाबरोबर सगळं पलीकडे जायचं. फोनवर लेकीने विचारलं, “आई, तू आधी कसा करायचीस?” तेव्हा ती “विसरले गं” म्हणाली खरी, पण विसरली मुळीच नव्हती. उलट त्या दिवसापासून तिला दुसरं काही आठवेचना.

त्या पहिल्या परीक्षेच्या वेळी, दुसऱ्या एका शहरात, एका लाँड्रीच्या वर, एक खोली होती. खाली दिवसभर वाफेच्या इस्त्र्या चालायच्या, त्यामुळे वरची फरशी कायम कोमट असायची. थंडीत तिघंही सतरंजी बाजूला सारून थेट फरशीवरच बसत. तिघं म्हणजे ती, लांबू आणि आजोबा. लांबू नावाप्रमाणे लांब होता. आजोबा तिच्याच वयाचा, पण बोलणं असं की कुणालाही वाटावं, याने दोन-चार संसार उरकलेत. “बघ बाळ” असं म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नसे. आणि ती बुटकी, सतत इकडचा निरोप तिकडे करणारी, म्हणून तिला त्यांनी ‘पॅकेट’ करून टाकलं होतं. नेटवर्कमधून माहितीचं जे एकेक पुडकं धावत असतं त्याला पॅकेट म्हणतात हे ते तिघं तेव्हा नुकतंच शिकले होते आणि शिकलेला प्रत्येक शब्द कुणाला तरी चिकटवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

पुस्तक एकच होतं. तिघांनी एकदम वाचायचं कसं? लांबूने ते कोपऱ्यावरच्या बाइंडरकडे नेलं आणि त्याचे सरळ तीन तुकडे करून आणले, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा लावून. तिच्या वाट्याला मधला तुकडा आला. त्यामुळे नेटवर्क म्हणजे काय हे कळायच्या आधी ते बिघडलं तर काय करायचं, हे तिला कळलं. मग ज्याने जे वाचलं ते त्याने इतर दोघांना सांगायचं. सांगताना अडकला की बाकीचे दोघं मिळून त्याची हजामत करत. एका बँकेने मोडीत काढलेले राउटर लांबूने खांद्यावरून आणले होते; ते चालू केले की खोलीत विमान उतरल्यासारखा आवाज व्हायचा आणि खालून मावशी ओरडायची.

मावशी म्हणजे लाँड्रीची मालकीण. त्या गल्लीत कुणाचं पार्सल आलं, कुणी पाहुणा पत्ता विचारत आला, कुणाची किल्ली सापडली, की सगळं मावशीकडे जायचं. कुणाचं काय ते तिला बरोबर माहीत असायचं, आणि नसलं तर कुणाला विचारायचं ते माहीत असायचं. एक दिवस आजोबा दोघांना राउटर शिकवत होता. राउटर म्हणजे चौकात उभा असलेला माणूस. आलेलं पॅकेट बघतो आणि त्याला कुठल्या रस्त्याने धाडायचं ते सांगतो.

“आणि त्याला रस्ताच माहीत नसला तर?” तिने विचारलं.

आजोबाने जिन्याकडे कान दिला. खालून मावशी कुणाला तरी हाका मारत होती. “बघ बाळ,” तो म्हणाला, “ज्याचा ठावठिकाणा आपल्याला माहीत नाही, ते सगळं मावशीकडे.”

तिघंही इतके हसले की मावशी जिना चढून वर आली.

परीक्षा झाली, तिघं पास झाले, तिघांना तीन गावी नोकऱ्या लागल्या. काही वर्षांनी लांबूने धंदा सोडून टाइल्सचं दुकान टाकलं. फरश्या एकदा बसवल्या की जागच्या हलत नाहीत, नेटवर्कसारखं नाही, असं तो भेटेल त्याला सांगायचा. आजोबाचं एक-दोनदा पत्र आलं, मग फोन आले, मग तिचं लग्न, मूल, बदललेले नंबर. भांडण म्हणाल तर काहीच नाही. भांडण झालं असतं तर एकाने दुसऱ्याची मनधरणी करायला तरी फोन केला असता.

आता वर्षं लोटल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून ती इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर विचारत होती, की या परीक्षेसाठी काय वाचावं. पंचवीस जणांनी पंचवीस नावं सुचवली. एकाने लिहिलं, “आपल्या भाषेतले ते काळ्या पडद्याचे धडे ऐका.” तिने ते धडे उघडले. पडदा खरंच काळा होता. चित्र नाही, आकृती नाही, शिकवणाऱ्याचा चेहरा नाही. नेटवर्क शिकवायचं आणि एक रेघसुद्धा काढायची नाही, हा काय आळशीपणा, असं म्हणून तिने ते बंद केले.

ते पुन्हा लागले ते केवळ चुकून. रविवारी सकाळी ती धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होती आणि दातवाल्या गृहस्थाचा धडा लावायला म्हणून तिने फोनवर बोट टेकवलं ते भलतीकडेच पडलं. हात चादरीत गुंतलेले, म्हणून तिने ते तसंच चालू दिलं. एक पुरुषाचा आवाज संथपणे बोलत होता. जाड, थोडा बसलेला आवाज. ती अर्धवट ऐकत होती.

“…म्हणजे या राउटरला आपल्या गल्लीतली घरं माहीत आहेत, शेजारच्या गल्लीतली माहीत आहेत. पण जगातली सगळी घरं कुणाला माहीत असणार? तर बघ बाळ, ज्याचा ठावठिकाणा आपल्याला माहीत नाही, ते सगळं मावशीकडे.”

चादरीचं टोक तिच्या हातून सुटलं. ती तशीच पलंगाच्या कडेवर बसली. धडा पुढे चालू राहिला, पण तिला त्यातला शब्दही ऐकू आला नाही. नवरा आत डोकावला, तिचा चेहरा बघून घाबरला.

“काय झालं? कुणाचा फोन?”

“आजोबा,” ती म्हणाली.

“कुणाचे आजोबा?”

तिने धडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

धड्याच्या खाली लोकांनी प्रश्न विचारायची जागा होती. तिथे काय लिहावं याचा तिने दुपारभर विचार केला. मी अमुक, तू तमुक ना, असं लिहायला धीर होईना. आवाज सारखे असू शकतात, आणि मावशा काय, घरोघरी असतात. शेवटी तिने एकच ओळ लिहिली. खोलीतल्या दिवसांत हा प्रश्न तिनेच विचारला होता आणि त्यावर आजोबाने चांगला दिवसभर विचार केला होता.

“मावशी गावाला गेली तर?”

दुसऱ्या दिवशी ती कामाला जायला बूट घालत होती तेव्हा उत्तर आलं.

“तर धाकट्या मावशीकडे. ती घरात तयारच बसलेली असते, थोरली गेल्याचं कुणाला कळतसुद्धा नाही. पॅकेट, अगं होतीस कुठे?”

तो याच शहरात राहत होता. कितीतरी वर्षं. एकाच बसच्या मार्गाच्या एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला तो.

फोनवर दोघं एकदमच बोलत होते, मग एकदमच गप्प होत होते. परीक्षेचं सांगितल्यावर तो म्हणाला, “सगळी पुस्तकं घेऊन ये. बघू.” पुढच्या रविवारी ती दोन खंड आणि ते खरखरीत कागदाचं पुस्तक पिशवीत भरून त्याच्या दारात उभी राहिली. वाटेत पिशवीचा एक बंद तुटला होता.

दार एका बाईंनी उघडलं. त्याची थोरली बहीण. नाक अगदी त्याच्यासारखं.

“पॅकेट ना तुम्ही? या, या. सकाळपासून शर्ट बदलतोय तो. म्हटलं, अरे तुला दिसत नाही, तर म्हणतो, तिला दिसणार ना!”

ती उंबऱ्यातच थबकली. “दिसत नाही म्हणजे?”

बहिणीचं हसू मावळलं. “सांगितलं नाही वाटतं त्याने. असाच आहे मेला.”

“ताई, तिला आत तर येऊ दे आधी!” आतून आवाज आला.

खिडकीजवळच्या खुर्चीतून तो उठून उभा राहिला होता. निळा शर्ट, बटणं बरोबर लावलेली. चेहरा तिच्या दिशेने, पण जरासा बाजूला. बोलायला सुरुवात त्यानेच केली.

“काय गं, माझे केस पांढरे झालेत का? ताई खरं सांगत नाही.”

“पांढरे व्हायला उरलेत कुठे?”

तो खदखदून हसला. हसणं मात्र तेच होतं, शेवटी खोकल्यात संपणारं. तेवढ्या हसण्यात मधली वर्षं कुठेतरी बाजूला झाली आणि ती खुर्ची ओढून बसली.

दृष्टी एकदम गेली नव्हती. कडांकडून हळूहळू गेली, असं त्याने सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी. आधी जिने दिसेनासे झाले, मग माणसं, मग अक्षरं. बहिणीकडे राहायला आला. काम मात्र सुटलं नाही. इंटरनेट पुरवणाऱ्या एका कंपनीत तो फोनवरून बिघाड शोधून द्यायचा. पडद्यावर जे येईल ते एक यंत्र त्याला वाचून दाखवायचं. नव्या मुलामुलींना समजावता समजावता कुणीतरी ते बोलणं रेकॉर्ड केलं, आणि त्याचेच धडे झाले.

“आम्हाला आजवर का नाही सांगितलंस?”

“काय सांगणार? आधी वाटलं, होईल बरं. मग वाटलं, आता सांगून काय. आणि मग तुझा नंबर नव्हता.” त्याने हात पुढे केला. “ते जाऊ दे. पुस्तकं काढ.”

तिने खंड टेबलावर ठेवले. त्याने त्यांच्यावरून हात फिरवला. “वजनदार आहेत. वाच. कुठलंही पान.”

तिने वाचलं. तिसऱ्याच ओळीला ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं आलं.

“काय दाखवलंय?”

“गोल आहेत. त्यांच्यामध्ये रेघा. इथे एक बाण आहे.”

“कुणाकडून कुणाकडे?”

“डावीकडून उजवीकडे.”

“डावीकडे कोण राहतं?”

तिने बारकाईने बघितलं. हीच आकृती तिने घरी कितीदा बघितली होती, खाली पेन्सिलने बरोबरची खूणही केली होती. डावीकडे कोण होतं, बाण माहितीचा होता की रस्त्याच्या बातमीचा, हे तिला सांगता येईना. त्या दोन गोष्टी तर उलट्या दिशांना जातात. तिचे कान तापले.

“दुसरं वाच,” तो म्हणाला.

दुसऱ्या खंडाची तीच गत झाली. मग तिने नाइलाजाने ते जुनं पुस्तक उघडलं. त्यात जवळजवळ आकृत्या नव्हत्याच. लिहिणारा कुणी जुना शिक्षक असावा; एक गोष्ट सांगायची, मग थांबून विचारायचं की आता याचं पुढे काय होईल, मग उत्तर द्यायचं. ती वाचत गेली तसा आजोबा हनुवटी वर करून ऐकू लागला. त्याचं बोट टेबलावर हलत होतं. बहीण इस्त्री करत होती, तीही थांबली.

“हे,” तो म्हणाला.

“अरे, हे जुनं आहे. नव्या अभ्यासक्रमातलं निम्मं यात नाही.”

“नवं ते कंपनीच्या माहितीपानांवर फुकट असतं. माझं यंत्र वाचतं ते, रडक्या आवाजात का होईना. पण बघ बाळ, हा माणूस समजावतोय. जे पुस्तक वाचून दाखवता येत नाही, ते लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं, असं माझं आपलं मत.”

“आणि हे खंड?”

“ठेव. त्यातल्या आकृत्या तू मला सांगायच्यास. सांगता आली तर तुला कळली.”

अशी निवड झाली. खरखरीत कागदाचं पुस्तक, फुकटची माहितीपानं, आणि प्रत्यक्ष सरावासाठी तिच्या जुन्या लॅपटॉपवर चालणारे खोटे राउटर. ती निघाली तेव्हा तो दारापर्यंत भिंतीला हात लावत आला. काहीतरी बोलायचं होतं, पण अडत होता. शेवटी म्हणाला, “पॅकेट, मी पण बसलो तर चालेल का परीक्षेला? बरीच वर्षं मनात आहे. एकट्याने आकृत्यांपाशी अडायचो.”

“फी तू तुझी भर,” ती म्हणाली, “मी काही लांबू नाही, तेव्हासारखी सगळ्यांची फी भरायला.”

मग रविवारमागून रविवार ती जात राहिली. त्या खोलीतला फरशीचा कोमटपणा इथे नव्हता, पण इस्त्रीचा वास होता आणि सांगता सांगता अडकणारं माणूस होतं. बहुतेक वेळा तीच. बहिणीने बटणांचा डबा आणि लोकर आणून दिली. बटण म्हणजे राउटर आणि लोकर म्हणजे तार. ती आकृती बघून टेबलावर बटणं मांडायची, तो बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, “हे मोठं बटण एकटंच का पडलंय? याची लोकर तुटली तर याचं कोण?” नव्वद टक्के वेळा पुस्तकातला पुढचा प्रश्न तोच असायचा.

सगळ्यात अवघड भाग होता तो मोठमोठ्या नेटवर्कांनी एकमेकांना रस्ते कसे कळवायचे, आणि मुख्य म्हणजे कोणते कळवायचे नाहीत. तिला हॉस्पिटलं जोडायला नेमकं हेच लागणार होतं. खंडांत यावर पानंच्या पानं होती आणि ती तीन आठवडे त्यात गटांगळ्या खात होती. तेव्हा इस्त्री करता करता बहीण म्हणाली, “मला त्यातलं काही कळत नाही, पण मला दोन सुना आहेत. मी माझ्या घरची गोष्ट दोघींच्या माहेरी सांगते. पण एकीच्या माहेरची गोष्ट दुसरीच्या माहेरी कधी नेत नाही. नेली की माझं घर म्हणजे धर्मशाळा. सगळे निरोप माझ्यातूनच जायला लागतील.”

आजोबाने टेबलावर थाप मारली. “ताई! अगं हेच! अगदी हेच!”

“हो का?” बहीण म्हणाली आणि शर्टाची कॉलर उलटवली.

मध्ये एकदा तिचा धीर सुटला. साहेबांचा निरोप समारंभ झाला, प्रमुखाची खुर्ची रिकामी राहिली, चटपट त्याची कुठलीशी परीक्षा पास होऊन पुढच्या फाईलकडे वळला, आणि तिचं मात्र अजून पाचवंच प्रकरण चाललं होतं. या वेगाने आपण म्हातारे होऊ, असं वाटून तिने दातवाल्या गृहस्थाचा सगळा कोर्स घेऊन टाकला. दोन रविवार आजोबाकडे कामाचं निमित्त सांगितलं. भराभर धडे संपवले. संध्याकाळी नवरा अंगणात दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या गुंडाळत होता, त्याने सहज म्हटलं, “आज काय शिकलीस? सांग बघू मला.” तिने तोंड उघडलं, दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. “किती सोपं आहे, नाही?” एवढंच तिला आठवत होतं.

तिसऱ्या रविवारी ती चोरासारखी जिना चढली. आजोबा म्हणाला, “आलीस? बस. पाचव्या प्रकरणाच्या माहितीपानांत यंत्राने बाणांचा सत्यानाश केलाय, तो निस्तर आधी.” बस्स. त्यावर पुन्हा विषय निघाला नाही.

लेखी परीक्षा दोघंही पास झाले. प्रात्यक्षिक दिवसभराचं असतं. एक मोडकं नेटवर्क समोर ठेवतात आणि ते दुरुस्त करायला सांगतात. आजोबाला वेगळी खोली, जास्तीचा वेळ आणि पडद्यावरचं वाचून दाखवायला एक मदतनीस मुलगी मिळाली. मुलीला नेटवर्कमधलं ओ की ठो कळत नव्हतं. “एक गोल आहे, त्यातून रेघ निघाली आहे,” अशी तिची सुरुवात. पण इतके महिने ‘डावीकडे कोण राहतं’ असं विचारून विचारून आजोबा तयार झाला होता; त्याने त्या मुलीकडून प्रश्न विचारत विचारत सगळं काढून घेतलं. निघताना ती मुलगीच म्हणाली म्हणे, “काका, मला आज थोडं कळलं.”

पलीकडच्या मोठ्या हॉलमध्ये तारवाल्या मॅडम प्रत्येक आकृती समोर आली की डोळे मिटून ओठांतल्या ओठांत ती कुणाला तरी सांगत होत्या. उत्तरं बरोबर येत होती. पण वेळ कुणासाठी थांबतो? शेवटचा भाग उघडायच्या आतच पडदा बंद झाला.

निकाल आला. आजोबा पास. ती नापास, थोडक्यात.

त्याला फोन करायच्या आधी ती थोडा वेळ गच्चीवर जाऊन उभी राहिली. राग होता, तो कुणावर ते कळत नव्हतं. त्याच्यासाठी आनंद होता, तो मात्र खराच होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ओरडून दिशा सांगत होतं. ती घरात आली आणि फोन लावला.

“अभिनंदन, आजोबा.”

पलीकडून तो म्हणाला, “मला अजिबात मजा येत नाहीये.”

“येऊ दे. मी फुकट आकृत्या सांगितल्या नाहीत. आता मला वेग शिकव.”

त्याने शिकवला. सांगायचं तेच, पण डोळे उघडे ठेवून, तोंड मिटून, आणि बटणं मनात. नवऱ्याने शाळेतलं शर्यतीचं घड्याळ आणलं आणि टेबलाशी शिट्टी घेऊन बसला. शिट्टी तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. फार दणदणीत नाही, पण झाली. लेकीने फोनवर इतका आरडाओरडा केला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

प्रमुखाची खुर्ची तोवर तिच्यासाठी रिकामीच होती. साहेब जाता जाता तेवढी व्यवस्था करून गेले होते. पुढच्या काही महिन्यांत तिने एकेक हॉस्पिटल जोडत नेलं. शेवटचं जोडलं त्या सकाळी ती तळघरातल्या यंत्रांच्या खोलीत उभी होती. चटपट वरच्या मजल्यावरून फोनवर सांगत होता, “मॅडम, तिकडचा एक्स-रे इकडे आला! झालंच!” तिने त्याला दोनदा तपासायला लावलं, मग तो फोन ठेवला आणि आजोबाला लावला.

“जोडलं?” त्याने विचारलं.

“जोडलं.”

“मग सांग ना, काय काय आहे समोर. वरपासून सांग.”

तिने सांगायला सुरुवात केली. वरच्या फळीवर कोण, त्याच्या खाली कोण, कुठली तार कुठल्या भिंतीतून बाहेर जाते आणि कुठल्या गावाला पोचते. मध्येच त्याने अडवलं.

“थांब. ती दुसरी तार कुठून नेलीस? पहिलीच्याच बाजूने?”

“छे! उलट्या बाजूच्या भिंतीतून. एवढी वेडी नाही मी.”

“मग ठीक. पुढे.”

ती पुढे सांगू लागली. दारात एक नर्स येऊन उभी राहिली आणि हातानेच खुणा करू लागली, की वर प्रिंटर अडकलाय. तिने नर्सला बोटाने थांबायची खूण केली आणि सांगता सांगता तिसऱ्या फळीवर आली.

“रविवारी येतेस ना?” आजोबाने विचारलं. “त्या मदतनीस मुलीचा फोन आला होता. पहिल्या परीक्षेला बसते म्हणते. कुठलं पुस्तक घेऊ, विचारत होती.”

“तिला म्हणावं, सगळी घेऊन ये,” ती म्हणाली आणि नर्सच्या मागोमाग जिना चढायला लागली. “वाचून बघू.”